विसर्गाचा आकडा

पावसाळ्यात उत्तरा गायधनींचा फोन आला की आमच्या भांडी बाजारात भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. बाई वाईट नाहीत. तोंडानं फटकळ आहेत, पण आमच्याकडे ते गुणातच धरतात. गोळा येतो तो त्यांच्या कामामुळे. गोदावरीच्या काठाला ज्यांची दुकानं, गाळे, टपऱ्या आहेत त्या सगळ्यांची मिळून एक संघटना आहे आणि तिच्या कार्यालयात उत्तराताई एकट्या बसतात. वर्षभर सभासदांच्या तक्रारी, लाइटची बिलं, महापालिकेला अर्ज. पावसाळा लागला की त्यांच्या गळ्यात आणखी एक काम पडतं. वर गंगापूर धरणातून नदीत पाणी सोडायचं ठरलं, की पूर नियंत्रण कक्षाकडून कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर मेल येतो. ताई तो वाचतात आणि एकेका दुकानदाराला फोन लावून सांगतात: इतके हजार क्युसेक सोडलंय, आवरा.

सोडलेल्या पाण्याला सरकारी भाषेत विसर्ग म्हणतात. आमच्या बाजारात तो मारुतीच्या अंगावर मोजतात. नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पाच हजार सोडले की मारुतीचे गुडघे बुडाले, दहा हजारांना कंबर. दहाच्या पुढं गेलं की घाटावरच्या टपऱ्यांचं काही खरं नाही, आणि पंधराच्या पुढं आमच्या बाजाराचं. हे हिशेब इथं पोराटोरांना पाठ असतात. म्हणून ताईंचा फोन उचलला की कोणी नमस्कार करत नाही. एकच शब्द विचारतात, "आकडा?"

ताईंचे वडील रामकुंडावर पूजा सांगायचे. ताईंचं लहानपण घाटावरच गेलं. पुढं त्यांनी रविवार कारंज्याजवळ टायपिंगचा क्लास चालवला. मी त्याच क्लासातला नापास विद्यार्थी. राजू तांबट माझं नाव, तांब्यापितळेचं दुकान, तेही कार्यालयाच्या बरोबर खाली. ताईंनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची अजून कोणाची छाती झालेली नाही. न वाचलेल्या कागदावर त्या सही करत नाहीत, ऐकीव गोष्ट पुढं सांगत नाहीत. कोणी 'असं म्हणतात' म्हणून सुरुवात केली, की "कोण म्हणतं? नाव सांग," असं म्हणून त्याची वाट बंद करतात.

हा ताठा त्यांच्यात आधीपासून होता, पण तो इतका कडक झाला त्याला एक कारण घडलं. काही वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरला. धरणाची भिंत फोडून पाण्याचा लोंढा निघालाय आणि खाली लिहिलंय, नाशिककरांनो सावध. ताईंनी तो खरा मानला आणि धडाधड फोन लावले. अख्ख्या बाजारानं भर पावसात माल उचलला. मी पितळी घंगाळं डोक्यावर घेऊन भद्रकालीत मेव्हण्याच्या घरी पोहोचवली. घाटावर पूजेचं साहित्य विकणाऱ्या गोजराबाईंच्या उदबत्त्यांचा लगदा झाला आणि कुंकवाचं पोतं भिजून रस्ताभर लाल ओघळ गेला. संध्याकाळी बघतो तर मारुती नुसता घोट्याएवढ्या पाण्यात उभा. व्हिडिओ कुठल्या तरी भलत्याच देशातला निघाला.

आमचा बाजार असल्या गोष्टी सोडत नाही. तेव्हापासून कोणाचं लग्न ठरता ठरता मोडलं, कोणाचं बँकेचं कर्ज येता येता राहिलं, की लोक म्हणायचे, "झालं, उत्तराताईंचा पूर." त्यांच्या समोर कोणी म्हणत नसे, पण कान तर सगळ्यांनाच असतात. मग संघटनेची सभा झाली. अध्यक्ष सावळीरामशेठ, आमच्या बाजारातले ठोक व्यापारी, त्यांनी ठराव मांडला. नियंत्रण कक्षाचा मेल आल्याशिवाय फोन करायचा नाही, आणि आकडा सांगितल्याशिवाय कोणी माल हलवायचा नाही. ठराव ताईंनीच टाइप केला. त्यात एकही चूक नव्हती.

आता त्या दिवसाचं सांगतो.

श्रावण होता. दोन-तीन दिवस पाऊस सारखा लागून राहिला होता. त्र्यंबककडून येणारे लोक सांगत होते की ओढे रस्त्यावर आलेत. मारुतीच्या पोटऱ्यांना पाणी होतं, म्हणजे काळजीचं काही नव्हतं. मी दुकान उघडून माश्या मारत बसलो होतो, एवढ्यात जिन्यातून हाक आली.

"राजू, हातातलं टाक आणि वर ये."

कॉम्प्युटरमधलं मला इतकंच कळतं की तो बंद करून परत चालू करावा. पण वासरांत लंगडी गाय शहाणी, म्हणून ताईंचं काही अडलं की मला बोलावतात. वर गेलो. ताई पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पडद्यावर त्यांच्या मेलचा प्रोग्राम उघडा. वर पाठवणाऱ्याचं नाव, पूर नियंत्रण कक्ष. विषय, विसर्ग सूचना. आणि त्याखाली जिथं मजकूर असायला हवा तिथं नुसतं पांढरं.

"सरकारनं कोरा कागद पाठवायला सुरुवात केली वाटतं," मी म्हणालो.

"दात काढू नकोस. बाकीचे बघ."

मी एकेक मेल उघडत गेलो. वीज कंपनीचा, कोरा. बँकेचा, कोरा; हे ताईंनी अजून उघडलेच नव्हते. आठवड्यापूर्वीचे मात्र नीट उघडत होते, अक्षर न अक्षर जागेवर. मधेच कुठंतरी एक रेघ मारल्यासारखी होती. तिच्या अलीकडं आलेल्या सगळ्या मेलांची नुसती डोकी आली होती, धड आलंच नव्हतं. म्हणजे पाठवणाऱ्याची चूक नव्हती. पलीकडून आकडा आला होता, आमच्याच यंत्राच्या पोटात कुठंतरी हरवला होता.

प्रोग्राम बंद करून उघडला. तेच. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो चालू होईपर्यंत मी खिडकीपाशी गेलो. खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसतो. पाणी चहासारखं झालं होतं आणि मधोमध एक अख्खं झाड मुळासकट चाललं होतं. मागं वळलो तर पडद्यावर आणखी एक मेल आलेला. विसर्ग सूचना, सुधारित. उघडला. पांढरा.

"सुधारित म्हणजे वाढवलेला," ताई म्हणाल्या. "कमी करायचा असता तर त्यांना इतकी घाई झाली नसती."

मी म्हटलं, छापून बघू, कदाचित कागदावर येईल. प्रिंटरमधून कागद सरकत आला. वर विषय, पाठवणारा, तारीख. खाली काही नाही. ताईंनी तो कागद उलटासुलटा करून बघितला आणि टेबलावर पालथा ठेवला. तो सरळ ठेवायला नको वाटलं, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

नियंत्रण कक्षाला फोन लावला तर एंगेज. सगळं शहरच त्यांना फोन करत असणार. मोबाइलवर मेल बघावा, तर पासवर्ड कोणाला माहीत नाही. महेश नावाच्या मुलानं हे सगळं बसवून दिलं होतं आणि तो पासवर्ड डोक्यात घेऊन पुण्याला नोकरीला गेला होता. त्याचा फोन बंद. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर एक जण म्हणतोय चार हजार, दुसरा म्हणतोय पन्नास हजार, तिसऱ्यानं मागच्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून टाकलेला. या चिखलातून खरा आकडा कसा वेचायचा?

प्रोग्राममध्ये एक सोय सापडली, फोल्डर दुरुस्त करा. मला वाटलं, सापडलं औषध. दाबलं. यादी एकदा गेली, परत आली. मी खुशीत एक जुना मेल उघडला, मघाशी नीट वाचता येत होता तो. तो कोरा. त्याच्या आधीचा उघडला, तोही कोरा. जूनपासूनचे सगळे मेल कोरे पडले होते. मी दुरुस्त करायला गेलो आणि ती रोगट पांढरी जागा दोन महिने मागं पसरली. खरं सांगतो, मला भीती वाटली. यंत्राची भीती नाही. माझ्या हातानं आणखी काही बिघडेल याची.

"आता हात लावू नकोस," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात आणखी एक आला. आणि थोड्या वेळानं आणखी एक. त्याच्या विषयात आता 'अतितातडीचे' असा शब्द होता. नियंत्रण कक्ष एका सकाळी एक मेल पाठवतो, फार तर दोन. हे एकामागून एक दार ठोठावत होते आणि आम्हाला शब्द कळत नव्हता.

ताई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीची दारं सताड उघडली. मग म्हणाल्या, "राजू, आवाज ऐक."

"कसला? काही येत नाही."

"तेच म्हणतेय. सांडव्यावरून, घाटाजवळच्या त्या दगडी बांधावरून, पाणी पडतं त्याचा आवाज सकाळी येत होता. आता बंद झालाय. सांडवा बुडला की आवाज बंद होतो. नदी गप्प झाली की पळा, असं वडील सांगायचे."

एवढं बोलून त्या फोनपाशी बसल्या. मी म्हटलं, "ताई, ठराव?" त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पहिला फोन सावळीरामशेठना. फोन स्पीकरवर होता.

"शेठ, आवरायला घ्या. पाणी येतंय."

"आकडा?"

"मेल आलाय, पण उघडत नाहीये. आतला मजकूर दिसत नाही."

"मग आकडा नाही म्हणा की." शेठ हसले नाहीत, उलट समजुतीनं बोलले, आणि ते जास्त लागलं. "ताई, मागचं लोक विसरले नाहीत. मारुतीच्या पोटऱ्यांना पाणी आहे, मी आत्ताच बघून आलो. आकडा मिळाला की करा फोन."

दुसऱ्यानं तेच विचारलं. तिसऱ्यानं फोन ठेवता ठेवता दुकानातल्या कोणाला तरी सांगितलं, "काही नाही रे, उत्तराताईंचा पूर." ठेवायला त्याला जरा उशीर झाला. ताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला इतका राग आला की त्याच्या दुकानात जाऊन त्याच्याच कढईनं त्याला बडवावंसं वाटलं.

ताईंनी डोळे मिटून घेतले. मग अगदी शांतपणे विचारलं, "किती सांगितले तर हलतील?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हणालो, "वीस हजार सांगा. पळत सुटतील."

"वीस सांगितले तर म्हणतील, बाईनं परत व्हॉट्सअ‍ॅप बघितलं. खात्री करायला नदीवर जातील. पाच सांगितले तर चहा पीत बसतील." त्या बोटांनी टेबलावर ताल धरल्यासारखं करत होत्या. "दहा. दहा म्हटलं की पुढं वाढेल म्हणून लोक माल हलवतात. दहाला कोणी हसत नाही."

"आणि खरा किती असेल?"

"असेल तो असेल. माल हलला, माणसं हलली, की खऱ्याला मग काय करायचंय?"

त्या क्षणी मला ते शंभर टक्के पटलं. ज्या बाईनं त्या व्हिडिओनंतर एकही ऐकीव गोष्ट पुढं सांगितली नव्हती, तिनं माझ्यासमोर फोन उचलला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "शेठ, मेल उघडला. दहा हजार."

 पलीकडं शेठ ओरडले, "अरे ए, शटर ओढा! मागचा माल आधी काढा!"

त्यानंतर एकही फोन वाया गेला नाही. दहा हजार म्हटलं की माणूस जागचा उठत होता. खाली हातगाड्यांचा खडखडाट सुरू झाला. पातेली, हंडे, समया चढणीकडे निघाल्या. माझी बायको पोरांना घेऊन आमचं दुकान रिकामं करायला लागली होती, मला वर तिचा आवाज येत होता. एक आकडा काय करू शकतो ते बघून मी थक्क झालो.

मग ताईंनी गोजराबाईंना फोन लावला.

गोजराबाई घाटाजवळच्या बोळाच्या तोंडाशी राहायच्या. पुढं फुलं, वाती, कुंकू, द्रोण यांचं दुकान, मागं एक खोली, आणि दोन्हीला मिळून एक उंच दगडी ओटा. मुलगा आणि सून ओझरला. मुलगा तिकडं कारखान्यात कंत्राटी कामावर. त्यांनी कितीदा बोलावलं, पण म्हातारी घाट सोडत नव्हती. पाण्याची भाषा तिला आमच्यापेक्षा चांगली यायची.

"गोजराबाई, उत्तरा बोलतेय. पाणी सोडलंय. निघा तिथून."

"किती हो ताई?"

"दहा हजार."

"दहाच ना? मंग काय नाय." आवाजात इतका निवांतपणा होता की मला अजून ऐकू येतो. "दहाला पानी माह्या वट्याच्या खालूनच जातं. पार चाटतं अन् जातं, पन वर येत नाय. माल टांगते खुटीला अन् बसते देवापाशी. मागल्या टायमाला उगंच पळाले, समदं भिजलं."

"तरी निघा. माझं ऐका."

"तुमचंच तर ऐकते ना. आकडा तर तुमीच सांगितला."

 मी हातानं खुणा करत होतो, सांगा, सांगा. त्यांनी फोनवर हात दाबून धरला. मी कुजबुजलो, "ताई, हिला तरी खरं सांगा."

"हिला सांगितलं की शेजारच्या टपरीवाल्या झुंबरला कळणार. झुंबरला कळलं की बाजाराला कळणार. अर्धे लोक माल परत आत घेतील." त्यांनी हात काढला. "गोजराबाई, मी झुंबरला सांगते, त्याच्याबरोबर निघा. नक्की निघा." आणि पलीकडून हो-नाही यायच्या आत फोन ठेवून त्यांनी झुंबरला लावला, त्याला सांगितलं, आणि पुढच्या नंबराकडं वळल्या. अजून अर्धा बाजार बाकी होता.

"तू तो मेल उघड," मला म्हणाल्या. "काय वाटेल ते कर."

मी परत पडद्यासमोर बसलो. बसतोय तोच कोपऱ्यात एक छोटी चौकट आली. ताईंनी फोनवर बोलता बोलताच हात लांब केला आणि माउसनं ती बंद केली, माशी हाकलावी तशी.

"ताई, ते काय होतं?"

"जाहिरात असते. आठवडाभर येतेय. महेशनं सांगून ठेवलंय, असली चौकट आली की वाचायची नाही, बंद करायची."

पुढची चौकट यायची मी वाट बघितली. आली तेव्हा वाचली. डिस्कवर जागा शिल्लक नाही.

माझ्या डोक्यात उजेड पडला. मेलची डोकी इवलीशी असतात, ती कुठंही मावतात. मजकूर ठेवायलाच घरात जागा नव्हती. म्हणून नावं येत होती आणि मजकूर दाराबाहेर राहत होता. मी दुरुस्ती केली तेव्हा यंत्रानं जुनंही बाहेर काढलं आणि परत मांडायला त्याला जागा मिळाली नाही. जागा कोणी खाल्ली ते बघायला फार शोधावं लागलं नाही. सावळीरामशेठचा पुतण्या हर्षल ढोल पथकात आहे. गणपती जवळ आले की घाटावर रोज सराव असतो, आणि त्या सरावाचे सगळे व्हिडिओ या मुलांनी संघटनेच्या कॉम्प्युटरमध्ये आणून ओतले होते. फुकटची जागा म्हणून. नाशिक ढोल म्हटलं की आमच्याकडं कोणी कोणाला नाही म्हणत नाही.

मी सगळे व्हिडिओ एका दमात उडवले. तरी जागा शून्य.  मग लक्षात आलं, ते नुसते कचऱ्याच्या डब्यात गेलेत, डबा घरातच आहे. डबा रिकामा केला. मेल परत मागवले. आणि ती पांढरी पानं भरायला लागली.

पहिला मेल, सहा हजार. दुसरा, सुधारित, नऊ हजार. मी ओरडलो, "ताई, दहाच्या आत आहे! तुम्ही जास्तच सांगितलात!" ताईंनी पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली. तिसरा उघडला. चौदा. चौथा उघडला.

मला वाचवेना. ताई उठून आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. विसर्ग टप्प्याटप्प्यानं वाढवून बावीस हजार करण्यात येत आहे. नदीकाठच्या सर्व नागरिकांनी तात्काळ सुरक्षित स्थळी जावे.

"गोजराबाई," ताई म्हणाल्या.

फोन वाजत राहिला. परत लावला, वाजत राहिला. झुंबरनं मात्र लगेच उचलला. "मी तर कारंज्यापाशी वर आलोय ना ताई. म्हातारीला लय वढली, पन हलली नाय. म्हनली, दहाचंच पानी हाय, ताईंनी सोता सांगितलं."

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. बाजार रिकामा होता, शटरं खाली, रस्त्यावर एक फाटका द्रोण फिरत होता. उताराच्या वळणावर गेलो आणि पाय थांबले. बोळातून पाणी माझ्याकडं चढत येत होतं, अजिबात आवाज न करता. मारुतीचं नुसतं डोकं दिसत होतं. गोजराबाईंचा ओटा कुठं असायला हवा ते मला कळेना, इतकं सगळं एकसारखं तपकिरी झालं होतं. अग्निशमन दलाच्या लोकांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. त्यांची बोट त्या धारेत जाऊ शकली नाही. पाणी उतरल्यावर म्हातारी नदीच्या खालच्या अंगाला, तपोवनाच्या बाजूला सापडली.

बाजार वाचला. एवढा मोठा पूर, आणि कोणाचा माल गेला नाही, कोणाला खरचटलं नाही. जे ताईंना हसत होते तेच आता कार्यालयात पेढे घेऊन आले. सावळीरामशेठनी जाहीर केलं, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. आकडा दहाचा बावीस झाला त्याचं कोणाला काही वाटलं नाही. धरणवाले वाढवत जातात, हे सगळ्यांना माहीत. आणि गोजराबाईंबद्दल बाजाराचं एकमत झालं होतं: म्हातारी हेकट. फोन आला, शेजारी ओढायला आला, तरी हलली नाही. कोणी म्हणालं, तिचा काळच आला होता. कोणी म्हणालं, या वयात माणूस ऐकत नाही. ताई हे ऐकत होत्या. पेढे तसेच पडून होते, त्यांना मुंग्या लागल्या.

दहाव्याला मुलगा-सून ओझरहून रामकुंडावर आले. विधी आटोपल्यावर सून, बायडाबाई, एकटीच जिना चढून वर आली. मी तेव्हा तिथंच होतो, ताईंनी तो कॉम्प्युटर साफ करायला मला बसवलं होतं.

बायडाबाई दारातच उभी राहिली. "ताई, तुमीच शेवटचं बोलल्यात म्हनं आमच्या आत्याबाईंशी."

"हो."

"मालक म्हनत्यात, आईनं हट्टापायी जीव दिला. रडत बी नाहीत, नुसते चिडत्यात तिच्यावर. घाटावर समदे तेच बोलत व्हते." तिनं पदर तोंडाला लावला. "लय शानी व्हती हो ती. तुमचं का नाय ऐकलं तिनं?"

मी मान खाली घालून माउस हलवत राहिलो. मनात म्हणत होतो, ताई, गप्प राहा. म्हातारी परत येणार नाही. उद्या सत्कार आहे. भाद्रपद अजून बाकी आहे, धरण काठोकाठ भरलंय, उद्या परत फोन करावे लागतील आणि लोकांनी ते ऐकायला हवेत. हे सगळं खरं होतं, आणि ताईंना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

ताई खुर्चीतून उठल्या.

"बायडाबाई, त्यांनी माझं ऐकलं. ऐकलं म्हणूनच त्या थांबल्या. मी दहा हजार सांगितले. दहाला त्यांच्या ओट्यावर पाणी येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि ते बरोबर होतं. खोटा होता तो माझा आकडा. आमचा मेल उघडत नव्हता. मी मनानं सांगितला."

 तिला समजायला वेळ लागला. मग तिनं हळूच विचारलं, "म्हंजे आत्याबाईंचं काय चुकलं नव्हतं?"

"काहीच नाही."

मला वाटलं आता ही बाई शिव्या देईल, अंगावर धावून जाईल. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग हे खाली येऊन सांगा. मालक खाली हायत. बाजार बी हाय."

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिच्या मागोमाग जिना उतरायला लागल्या. मी धावत जाऊन कठड्याशी गाठलं. "ताई, पुढच्या फोनला कोण हलणार?" त्यांनी ऐकलं. पुढची पायरी उतरल्या.

माझ्या दुकानासमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, स्वतःला एक शब्दही न वाचवता. गोजराबाईंचा मुलगा ऐकता ऐकता रस्त्यावरच खाली बसला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडला. सावळीरामशेठ म्हणाले, "ताई, हे आम्हाला सांगायची काय गरज होती?" ते रागावून म्हणाले नाहीत. घाबरून म्हणाले.  एकेक जण आपापल्या दुकानात गेला.

दुपारी परत पाऊस लागला. मी नोकराला हाक मारली आणि दोघांनी मिळून दुकानातला सगळा माल माळ्यावर चढवायला घेतला. वर ताई कार्यालयात बसलेल्या होत्या, त्यांचा फोन आलेला नव्हता. समोरच्या आणि शेजारच्या दुकानांतूनही भांडी सरकवल्याचे आवाज येत होते. कोणी कोणाला आकडा विचारला नाही.